वणवा, पाचट आणि जमिनीतील कर्ब



शिमग्यापासून मृगापर्यंतचे दिवस आपल्या भागात आगीचे असतात. परळी-अंबाजोगाई भागातील धर्मापुरीच्या शिवारातही हे नवीन नाही. ऊस तुटला की पाचट पेटवले जाते. मशागतीच्या वेळी पऱ्हाट्या व धसकटे बांधावर ढीग घालून जाळली जातात. एप्रिल-मे महिन्यात बांध पेटवले जातात, आणि कधी विडीचे थोटूक तर कधी बांधाची ठिणगी बालाघाटाच्या डोंगरावरील वाळलेल्या कुसळीत पडून वणवा लागतो. "जाळल्याने रान साफ होते, राखेचे खत मिळते आणि पावसात गवत जोमाने फुटते," असे अनेकांना वाटते. यात थोडे तथ्य आहे. परंतु या आगीची किंमत जमिनीतील सेंद्रिय कर्बाच्या रूपाने मोजावी लागते. ती कशी, हे या लेखात पाहू.

सेंद्रिय कर्ब किती व कशासाठी?

पालापाचोळा, मुळ्या, शेणखत व सूक्ष्म जीव कुजून जमिनीत जो सेंद्रिय पदार्थ तयार होतो, त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग कर्ब असतो. जमिनीची भुसभुशीतता, ओल धरण्याची शक्ती, नत्राचा साठा आणि जिवाणूंचे अन्न या सर्व गोष्टी त्यावर अवलंबून असतात. माती परीक्षण पत्रिकेत ०.४० टक्क्यांपर्यंत कर्ब असेल तर तो कमी, ०.४१ ते ०.६० टक्के असेल तर मध्यम समजतात. आपल्या उष्ण हवामानात कुजण्याची क्रिया वेगाने होते. म्हणून येथे कर्ब साठवणे अवघड आणि गमावणे सोपे असते.

एक हिशेब ध्यानात ठेवावा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सें.मी. थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. म्हणजे कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा असेल तर त्या थरात दोन टन कर्ब टिकून राहिला पाहिजे. शेतात टाकलेल्या काडीकचऱ्यातील कर्बाचा मोठा भाग वर्ष-दोन वर्षांत कुजताना हवेत निघून जातो. टिकाऊ ह्युमस म्हणून थोडाच हिस्सा मागे राहतो. यावरून एखाद्या वर्षाच्या प्रयत्नाने कर्ब का वाढत नाही, आणि दरवर्षी जाळल्याने तो का वाढूच शकत नाही, हे स्पष्ट होईल.

जेथे जमीनच जळते

कॅनडा, अलास्का व सायबेरिया या उत्तरेकडील अतिथंड प्रदेशांत स्प्रूससारख्या सूचिपर्णी वृक्षांची विस्तीर्ण जंगले आहेत. तेथे थंडीमुळे पालापाचोळा व शेवाळ नीट कुजत नाही. वर्षानुवर्षे त्याचा जाड, अर्धवट कुजलेला थर साचत जातो. त्यामुळे या जंगलातील कर्बाचा मोठा साठा झाडांत नसून पायाखालच्या जमिनीत असतो. कोरड्या वर्षी आग लागली की हा थरच धुमसू लागतो. काही ठिकाणी तर आग बर्फाखाली हिवाळाभर धुमसत राहून वसंतात पुन्हा वर येते. कॅनडात २०२३ साली दीड कोटी हेक्टरपेक्षा अधिक क्षेत्र जळाले. महाराष्ट्राचे एकूण भौगोलिक क्षेत्र सुमारे ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे, यावरून त्या आगीची कल्पना यावी.

तेथील एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. कॅनडाच्या वायव्य भागात २०१४ साली लागलेल्या आगींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या जंगलात वरचा थर जळाला तरी खालचा जुना कर्ब बहुतेक वाचला. जेथे आधीच्या आगीला फार वर्षे झाली नव्हती, अशा कोवळ्या जंगलात मात्र नवीन थर पुरेसा साचलेला नसल्याने अनेक ठिकाणी आग जुन्या ठेव्यापर्यंत पोहोचली. म्हणजे एकदा लागलेल्या आगीतून जमीन सावरू शकते. पण दोन आगींमधील काळ अपुरा पडला तर ती सावरत नाही.

आपल्या जमिनीत काय होते?

आपल्याकडे असा जाड थर नाही. गवताची आग वाऱ्याबरोबर झपाट्याने पुढे सरकते. कोरडी माती उष्णता सहज खाली जाऊ देत नाही. त्यामुळे अशा आगीत दोन-तीन सें.मी.च्या खालची माती फारशी तापत नाही व मातीतला कर्ब थेट जळण्याचे प्रमाण कमी असते. मग नुकसान कोठे होते? ते तीन प्रकारे होते.

पहिले, कर्बाची आवक बंद होते. जे गवत किंवा पाचट कुजून जमिनीत जायचे, ते धूर होऊन जाते. कोळशाच्या रूपाने थोडा कर्ब मागे राहतो आणि तो टिकाऊ असतो हे खरे. पण त्याचे प्रमाण अल्प असते. कणगीत धान्य पडणेच थांबले आणि खाणे चालू राहिले, तर कणगी रिकामी होणारच.

दुसरे, जमीन उघडी पडते. उघड्या जमिनीवर वळवाचे व मृगाचे थेंब जोरात आदळतात, मातीचे कण सुटतात, छिद्रे बुजतात, पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. वाहत्या पाण्याबरोबर आधी राख आणि मग कर्बयुक्त बारीक माती जाते. एका हेक्टरवरून फक्त एक मि.मी. जाडीचा थर वाहून गेला तरी सुमारे १३ टन माती जाते. तिच्यात ०.५ टक्के कर्ब धरला तर ६५ किलो कर्ब ओढ्याला मिळाला. डोंगरउतारावरील उथळ, मुरमाड जमिनीत हे नुकसान भरून येणे फार कठीण असते.

तिसरे, ढीग घालून जाळल्यास त्या जागेची माती खरोखरच भाजते. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग बराच वेळ जळत राहतो व उष्णता खोलवर जाते. बहुतेक सूक्ष्म जीव ६० ते १०० अंश सेल्सिअस तापमानात मरतात. सुमारे २०० अंशांच्या पुढे सेंद्रिय पदार्थ जळू लागतो आणि ४५० ते ५०० अंशांपर्यंत जवळजवळ नाहीसा होतो. अशा जागेवर पुढे पीक वेगळे दिसते, त्याचे हे कारण आहे.

राखेचे खत व हिरवे कोंभ

राखेत पालाश, चुना व काही स्फुरद असतो. पण नत्राचा बहुतांश भाग व गंधकाचा बराच भाग जळताना हवेत उडून जातो. उसाच्या पाचटात सुमारे ०.५ टक्का नत्र असते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट जाळणे म्हणजे ४० ते ५० किलो नत्रावर पाणी सोडणे होय. राहिलेली हलकी राखसुद्धा वाऱ्या-पावसाने शेतातच राहील याची खात्री नसते.

वणव्यानंतर फुटणारे हिरवे कोंभ गवताच्या ठोंबातील साठवलेल्या अन्नावर येतात. त्यांवर लगेच जनावरे सोडली व पुढल्या वर्षी पुन्हा वणवा लागला, तर ठोंब क्षीण होतात. चांगली चाऱ्याची गवते मागे पडून कुसळीसारखी गवते माजतात. कॅनडाच्या जंगलास जो नियम लागू पडतो, तोच येथेही लागू पडतो. आपला डोंगर वरचेवर जळत राहिला तर त्याला सावरायला उसंत मिळत नाही.

काय करावे?

१. ऊस तुटल्यावर पाचट जाळू नये. ते सरीत समान पसरावे किंवा कुट्टी यंत्राने बारीक करावे. बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत. हेक्टरी ८ ते १० टन पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन शेणखतात मिसळून टाकावे व पाणी द्यावे. पाचट ओलसर राहील व मातीशी त्याचा संबंध येईल असे पाहावे. यातून ४ ते ५ टन सेंद्रिय खत शेतातच मिळते व आच्छादनामुळे पाण्याचीही बचत होते.

२. पऱ्हाट्या श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळाव्यात किंवा खड्ड्यात कंपोस्ट करावे. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीने पऱ्हाट्यांचे ढीग पुढील हंगामापर्यंत बांधावर साठवून ठेवू नयेत.

३. सोयाबीनचे भुसकट व तुरीचा पाला वाया घालवू नये. तो जनावरांना, कंपोस्टला अथवा फळझाडांच्या आळ्यात आच्छादनाला वापरावा.

४. बांध पेटवण्याऐवजी गवत कापून घ्यावे. काणी किंवा गवताळ वाढीचा रोग झालेली उसाची बेटे मात्र मुळासकट काढून नष्ट करावीत. तेथे आगीचा उपयोग मर्यादित जागी, वारा नसताना करावा.

५. गायरान व डोंगरावरील गवत वाळण्यापूर्वी कापून साठवावे. जाळरेषा उन्हाळ्याआधी स्वच्छ कराव्यात. हे काम ग्रामपंचायत व वन विभागाच्या सहकार्याने करावे. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, हे सर्वांना सांगावे.

६. जेथे वणवा लागून गेला आहे, तेथे पावसाळ्यापूर्वी उताराला आडवे सलग समतल चर व दगडी बांध घालावेत. पहिल्या पावसात मारवेल व स्टायलो यांचे बी टाकावे आणि गवत स्थिर होईपर्यंत चराई बंद ठेवावी.

ऊसतोडीच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पाचटाची कटकट सांगायला नको. मजूर मिळत नाहीत, खोडव्याला पाणी लवकर द्यायचे असते, उंदरांची भीती वाटते. म्हणून सर्व क्षेत्रावर एकदम बदल करणे जमत नसेल, तर एका एकरापासून सुरुवात करावी. एक तुकडा न जाळता ठेवावा व शेजारचा तुकडा नेहमीप्रमाणे ठेवून दोन्हींची तुलना करावी. दोन्ही तुकड्यांचे मातीचे नमुने एकाच वेळी, एकाच खोलीवरून घेऊन कृषि विज्ञान केंद्रात अथवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावेत. पहिल्या वर्षी कर्बाच्या आकड्यात फरक दिसला नाही तरी निराश होऊ नये. ओल किती दिवस टिकते, गांडुळे दिसतात का, पाणी मुरते की वाहते, याकडे लक्ष ठेवावे. हा फरक आधी दिसतो. प्रयोगशाळेतील आकडा त्यानंतर तीन-चार वर्षांनी हलू लागतो. तोपर्यंत त्या तुकड्यात काडी पेटू द्यायची नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे.