देऊळ कोणाचे, दिवाबत्ती कोणाची?

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत लागणाऱ्या बोरीसारख्या गावी आज एखाद्या तरुणाला घरच्या ओट्यावर बसून, हातातील मोबाइलवर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमचा राज्यकारभार हाकता येतो. सन 2004 मध्ये इंग्लंडमधील ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या मंडळींनी काढलेला ‘रोम : टोटल वॉर’ हा खेळ मुळात संगणकावरचा, पुढे तो मोबाइलवरही आला. त्यात सैन्य उभारणे, शेजाऱ्यांशी तह करणे, कर वाढविणे किंवा उतरविणे ही कामे असतातच. परंतु ज्या एका प्रश्नावर खेळाडू फार काळ घुटमळतो तो असा, की या नगरात देऊळ कोणत्या देवाचे बांधावे.

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. या खेळात एका नगरात एकाच देवाचे मंदिर उभारता येते, आणि खेळाडू ज्यांच्यातून आपले निवडतो त्या प्रत्येक रोमन घराण्याच्या वाट्याला आलेले देव ठरलेले असतात. ज्यूलियस घराण्याकडे धान्यदेवता सेरेस, देवाधिदेव ज्युपिटर आणि मद्याचा देव बॅकस. ब्रूटस घराण्याकडे जूनो, मार्स आणि व्यापाराचा रक्षक मर्क्युरी. सिपिओंकडे समुद्राचा नेपच्यून, कारागिरांचा व्हल्कन आणि सॅटर्न. सेरेसचे देऊळ बांधले की लोकवस्ती झपाट्याने वाढते, मर्क्युरीचे बांधले की बाजारपेठ भरते, मार्सच्या मंदिराच्या छायेत भरती झालेला शिपाई आरंभापासूनच कसलेला निघतो. बॅकस प्रजेला सर्वांत अधिक खूष ठेवतो खरा, पण त्याच्या नगरात मुक्काम ठोकून राहिलेला सुभेदार हळूहळू व्यसनांच्या आहारी जातो. खेळ रचणाऱ्यांच्या मिस्कीलपणाची ही खूण मला विशेष आवडते.

जाणता खेळाडू येथे काळाचे भान ठेवतो. लहान वसाहतीला सेरेस मानवते, कारण लोकसंख्येचे ठराविक टप्पे ओलांडल्याखेरीज मोठ्या इमारतींची परवानगीच मिळत नाही आणि शेवटचा टप्पा 24,000 चा असतो. पण तो गाठल्यावर तीच वाढ अंगलट येते, गर्दीबरोबर घाण आणि घाणीबरोबर असंतोष वाढतो, आणि ज्या देवीने नगर वाढविले तिचेच देऊळ उतरवून तेथे ज्युपिटरची स्थापना करावी लागते. जिंकलेल्या शहरातील परक्यांचे मंदिर तर बहुतेक खेळाडू पहिल्याच पाळीत पाडून टाकतात. ते पुढे वाढविता येत नाही आणि परकेपणामुळे प्रजा बिथरते. शिवाय पाडकामाबद्दल खजिन्यात चार नाणी जमा होतात.

हे सारे निव्वळ कल्पनेचे खेळ आहेत असे मात्र नव्हे. रोममध्ये सेरेसचे मंदिर दुष्काळात बोललेल्या नवसातून उभे राहिले आणि इ. स. पूर्व 493 मध्ये अव्हेंटाइन टेकडीवर त्याची प्रतिष्ठापना झाली. पुढे सामान्य रयतेच्या अधिकाऱ्यांचे दफ्तरही तेथेच असे. इ. स. पूर्व 293 मध्ये साथीने शहर हवालदिल झाले तेव्हा ग्रीसमधील एपिडॉरसहून वैद्यदेव एस्क्युलापियस आणविण्याचे ठरले आणि टायबर नदीच्या बेटावर त्याची वास्तू झाली. गरज पाहून देव निवडणे रोमला ठाऊकच होते. मात्र परक्या देवांविषयी खरे रोमन खेळातल्या रोमनांहून अधिक धूर्त होते. इ. स. पूर्व 396 मध्ये व्हेई हे शत्रूनगर पडले तेव्हा, परंपरेप्रमाणे, तेथील जूनोला त्यांनी आदरपूर्वक विनविले की आपण आमच्या नगरी चलावे, आणि तिची स्थापना रोममध्ये केली.

आता दृष्टी आपल्या मुलखाकडे वळवावी. बोरी ज्या जिंतूर तालुक्यात आहे त्याच तालुक्यात चारठाणे येथे जुन्या मंदिरांचा समूह आणि कोरीव कामाने नटलेला उंच मानस्तंभ आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैन लेणी आहेत, आणि तेथील पार्श्वनाथाची भव्य मूर्ती लहानशा दगडावर जवळजवळ अधांतरी तोललेली दिसते. गोदावरीकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. म्हणजे एका टापूत शैव, वैष्णव आणि जैन नांदत होते, आणि एका नगरात एकच देव हा खेळातील कायदा येथे कोणी मानला नव्हता. अशा देवळांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी यादव महादेव आणि रामचंद्र यांच्या कारकिर्दींत दफ्तर सांभाळणाऱ्या हेमाद्रीच्या आधीच यांपैकी पुष्कळ मंदिरे उभी राहिली होती.

यादवकाळी खरी अडचण दगडाची नव्हती. देऊळ एकदाच बांधावयाचे असते. नंदादीप, नैवेद्य, पुजारी, गुरव, उत्सव आणि अन्नछत्र यांचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो, आणि तो कोणाच्या माथी बसवावयाचा हे ठरल्याशिवाय देव ठरवून उपयोग नसे. खानदेशातील पाटण येथील शके 1128 चा, म्हणजे सन 1207 च्या सुमाराचा शिलालेख या दृष्टीने मोठा बोलका आहे. सिंघण यादवाच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला उत्पन्न लावून दिले. पेठेत माल उघडला की राजाला मिळणारी जकात मठाकडे वळविली, घाण्यामागे पळीपळी तेल नेमून दिले. गणिताच्या अभ्यासाची वात तेल्याच्या घाण्यावर जळत होती, आणि हे सर्व व्यवहाराच्या मराठीत दगडावर नोंदले गेले. पंढरपूरच्या ‘चौऱ्यांशीच्या’ शिलालेखातही (शके 1195 ते 1199) विठ्ठल मंदिरासाठी देणगी देणाऱ्यांची यादी आहे. राजा आणि मंत्री यांच्या पंक्तीला साधे भाविकही आहेत. विठ्ठलाची निवड एकट्या सिंहासनाने केली नव्हती.

खेळात नेमके हेच वगळले आहे. तेथे सैन्याला दर पाळीस वेतन मोजावे लागते, परंतु एकदा उभे केलेले मंदिर खजिन्याकडून पुढे दमडीही मागत नाही. खेळ सुटसुटीत राहावा म्हणून असे केले असेल आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. तथापि त्यामुळे राज्यकर्त्याच्या निवडीतील निम्मे शहाणपण गळून पडते, असे माझे मत आहे.

हे शहाणपण पूर्णत्वाने पाहावयाचे तर अहिल्याबाई होळकरांकडे पाहावे. सन 1767 पासून 1795 पर्यंत कारभार पाहताना त्यांनी दौलतीचा महसूल आणि खासगीचे उत्पन्न यांच्यातील रेषा मोडली नाही. धर्मकार्य खासगीतून चालले. काशीचे विश्वनाथ मंदिर (1780), सोमनाथचे नवे मंदिर (1783), वेरूळचे घृष्णेश्वर, आपल्या मराठवाड्यातील परळीचे वैजनाथ, यांतील बहुतेक स्थाने होळकरांच्या दौलतीबाहेरची होती. त्यांतून एकही शिपाई अधिक मिळावयाचा नव्हता की एका कसब्याचाही महसूल वाढावयाचा नव्हता. खेळाच्या हिशेबात हा डाव सर्वस्वी तोट्याचा ठरेल. पण देवळांबरोबर त्यांनी घाट, बारवा आणि धर्मशाळाही बांधल्या, ठिकठिकाणी अन्नसत्रांच्या नेमणुका केल्या, आणि ज्या यात्रामार्गांनी सारा हिंदुस्थान चालत होता त्या मार्गांवर होळकरांचे नाव कायमचे रुजविले.

खेळाच्या पुढील एखाद्या आवृत्तीत रचनाकारांनी प्रत्येक देवळाला दर पाळीस तेल, धान्य आणि पुजाऱ्याचे वेतन लावून पाहावे, आणि ते घाण्यांवरून वसूल करण्याची सोय ठेवावी. मग बोरीच्या ओट्यावरील खेळाडू मर्क्युरी की सेरेस हा विचार काही वेळ बाजूला ठेवून, नगरातले तेली किती आणि त्यांपैकी किती राजी आहेत, याची चौकशी आधी करील.