Explained : उसाच्या रानात 'अल्ट्रालाइट' मित्रांचा मेळा भरवता येईल का? नियम काय सांगतात?

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या लोकांना डोक्यावरून जाणाऱ्या छोट्या विमानाचं फारसं कौतुक उरलेलं नाही. बारामतीच्या विमानतळावरून वैमानिक प्रशिक्षणाची विमानं नेहमी उडतात. म्हणूनच अंथुर्णेसारख्या गावात एखाद्या हौशी वैमानिकाच्या मनात येऊ शकतं की, आपल्याच रानात एक पट्टी सपाट करावी आणि उडणाऱ्या मित्रांना हुरड्याला बोलवावं. परदेशात अशा मेळ्याला 'फ्लाय-इन' म्हणतात. आपल्याकडे हे कितपत शक्य आहे? समजून घेऊया.

अल्ट्रालाइट म्हणजे नेमकं काय?

एक किंवा दोन जणांना नेणारं, अगदी हलकं, छोट्या इंजिनाचं विमान. भारतीय नियमांत त्याला 'मायक्रोलाइट' म्हणतात. दोन आसनी विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन साधारण ४५० किलो धरलं जातं. अमेरिकेत एक आसनी अल्ट्रालाइटचं रिकामं वजन ११५ किलोच्या आत असेल, तर वैमानिकाला परवानाही लागत नाही. तिथे हा नियम १९८२ पासून आहे. भारतात मात्र तशी सूट नाही.

घरी मेळा भरवण्याची कल्पना आली कुठून?

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. सुरुवातीची काही वर्षं तिचं कामकाज त्यांच्या घराच्या तळघरातून चालायचं. त्याच वर्षी पहिला छोटा मेळा भरला. १९७० पासून तो ऑशकॉश इथे भरतो आणि आता तिथे हजारो विमानं उतरतात.

भारतात काय काय लागतं?

- नोंदणी : विमानाला डीजीसीएकडून 'व्हीटी' अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आणि उड्डाणाची परवानगी हवी.
- परवाना : वैमानिकाकडे योग्य परवाना हवा. विद्यार्थी परवान्यासाठी किमान वय १६, खासगी परवान्यासाठी १७ वर्षं.
- सुरक्षा मंजुरी : विमान, मालक आणि उड्डाणाची जागा या तिन्हींची माहिती सरकारी यंत्रणांना द्यावी लागते.
- वेळ : उड्डाण फक्त दिवसा आणि स्वच्छ हवेत.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. त्यात अल्ट्रालाइट आणि मायक्रोलाइटचाही समावेश आहे. मात्र धोरणात नाव आलं म्हणजे कुठेही उतरायला मोकळीक मिळाली, असा त्याचा अर्थ नाही. रान स्वतःचं असलं, तरी त्यावरचं आकाश स्वतःचं नसतं.

मग अडचण फक्त कागदांची आहे का?

नाही. खरी अडचण जमिनीवर आहे. अल्ट्रालाइटला धावायला शंभर-दोनशे मीटर पुरतात, पण पट्टीच्या दोन्ही टोकांनाही मोकळी जागा लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरच्या या भागात ऊस पुरुषभर उंचीच्याही वर जातो. बांधाबांधाने विजेच्या तारा असतात आणि वरून त्या दिसतच नाहीत, दिसतो तो खांब.

दुसरी गोष्ट हवेची. दुपारी कोरडं माळरान तापतं आणि हवा वर उसळते. शेजारच्या ओल्या उसावर ती तेवढी वर येत नाही. जड विमानाला हा फरक किरकोळ वाटतो, हलक्याला तो चांगलाच हेलकावे देतो. त्यामुळे अनुभवी मंडळी सकाळी लवकर उडतात आणि ऊन चढायच्या आत खाली येतात.

धोका किती खरा आहे?

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्याच कडबनवाडीत एक प्रशिक्षण विमान शेतात कोसळलं. शिकाऊ वैमानिक तरुणी किरकोळ जखमी होऊन बचावली. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत मात्र घरी हेलिकॉप्टर बनवणाऱ्या तरुणाचा चाचणीत पातं लागून जीव गेला. हेलिकॉप्टर तेव्हा जमिनीवरच होतं.

मेळ्यातही हाच धोका मोठा असतो. विमान उतरलं की पोरं धावत येतात आणि फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दोरी बांधून हद्द आखणं, इंजिन पूर्ण थांबेपर्यंत कुणालाही जवळ न सोडणं आणि पेट्रोलचे कॅन चुलीपासून लांब ठेवणं गरजेचं आहे.

मग मित्रांना बोलवायचंच नाही का?

जरूर बोलवा. उड्डाण परवानगी असलेल्या धावपट्टीवर करा आणि पंगत घरी ठेवा. गावकऱ्यांना विमान दाखवायचं असेल, तर पंख सोडवून ट्रेलरवरून आणा आणि इंजिन बंद ठेवूनच मांडा. गर्दी होणार असेल तर ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा.

थोडक्यात : परवान्याशिवाय रानातून उडणं हे हौसेचं नाही, गुन्ह्याचं काम आहे. हुरड्याला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही.