कांद्याच्या सालांतली नांगी

कांदा सोलला की सालं केरात जातात. एकदा मूठभर सालं पाण्यात उकळून पाहा. गाळलेलं पाणी दोन वाट्यांत ओता. एकीत तुरटीची पूड टाका, पाणी झळझळीत पिवळं होतं. दुसरीत चिमूटभर हिराकस टाका, तेच पाणी काळपट हिरवं पडतं. सालं तीच, पाणी तेच. बदलला तो फक्त धातू. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, हिराकशीत लोह.

ही किमया क्वेरसेटिनची. वनस्पतींतल्या फ्लेव्होनॉइड नावाच्या मोठ्या कुळातला हा एक रेणू. त्याच्या अंगावर ऑक्सिजनचे अणू अशा जागी शेजारी-शेजारी बसलेले असतात, की मधे आलेला धातूचा अणू दोन बाजूंनी पकडला जातो. खेकडा नांगीत भक्ष्य धरतो, तसा! रसायनशास्त्रात या पकडीला ‘किलेशन’ म्हणतात आणि त्या शब्दाचं ग्रीक मूळही खेकड्याची नांगीच आहे.

आता वाटीतून रक्तात उतरू. 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्यॉन खालातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. गवत खाणाऱ्या त्या जिवांच्या रोहिण्यांत चरबीचे थर साचले. पुढे उलगडलं, की कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण ऑक्सिजनच्या माऱ्यानं खराब झाले, की पांढऱ्या पेशी ते अधाशासारखे गिळतात आणि चरबीनं फुगून रोहिणीच्या भिंतीतच अडकतात. परीक्षानळीत हे कण खराब करायला किंचितसं तांबं पुरतं. तिथे क्वेरसेटिन घातलं, की ते तांब्याला धरून ठेवतं, शिवाय ऑक्सिजनचा मारा स्वतःवर झेलतं, आणि बिघाड लांबतो.

मग तांबं म्हणजे शत्रूच का? मुळीच नाही! पेशींना ऑक्सिजनच्या याच माऱ्यापासून वाचवणाऱ्या एका विकराच्या गाभ्यात तांबं आणि जस्त जोडीनं बसलेली असतात. 1973 मध्ये अमेरिकी संशोधक लेस्ली क्लेव्हे यांनी उंदरांच्या आहारात तांब्याच्या तुलनेत जस्ताचं प्रमाण वाढवलं, तर त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल चढलं. जस्त फार झालं, की आतड्याच्या पेशी धातू बांधून ठेवणारं एक प्रथिन जास्त बनवतात. ते जस्तापेक्षा तांब्यालाच घट्ट धरतं. त्या पेशी झडतात आणि तांबंही त्यांच्यासोबत शरीराबाहेर जातं. एक खनिज वाढलं, दुसरं घटलं आणि रक्तातल्या चरबीचा तोल ढळला.

म्हणूनच प्रयोगात रक्तात चरबी वाढलेल्या प्राण्यांना फ्लेव्होनॉइड देताना केवळ कोलेस्टेरॉल मोजून भागत नाही. यकृतात लोह किती, तांबं किती, जस्त किती, हेही पाहावं लागतं. मोकाट धातूला आवरणारी नांगी गरजेचा धातूही अडवू शकते. याचा दाखला आपल्या ताटाशेजारीच आहे: जेवणासोबत चहा घेतला, तर त्यातले असेच रेणू भाजी-डाळीतलं लोह आतड्यातच धरून ठेवतात. ज्यांच्या अंगात लोह कमी आहे, त्यांनी जेवण आणि चहा यांत अंतर ठेवावं, ते यासाठीच.

नांगीला शत्रू कळत नाही, मित्रही कळत नाही. तिला फक्त धातू कळतो. त्या पकडीनं कुठे राखण होईल आणि कुठे उपासमार, हे ठरतं ती कुठे, किती आणि कशासोबत पोचली यावर. दोन वाट्यांतले ते दोन रंग मला तेच सांगतात.