नुसतं ‘ताठ चाल’ म्हणून भागत नाही!

मैत्रिणींनो, घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे ना? मग “अगं, पोक काढून बसू नकोस” हे वाक्य दिवसातून चारदा तरी तुमच्या तोंडून जातच असेल. माझ्याही जायचं. आगाशीच्या तळ्याकाठून आम्ही मायलेकी घरी यायचो. ती पुढे, खांदे आवळून, वह्या छातीशी कवटाळून. मी मागून ओरडत.

एकदा ती फटकन म्हणाली, “तूच तर सांगतेस ना, ओढणी नीट घे, खाली बघून चाल!”

मी गप्पच झाले. माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं.

या वयात उंची भराभर वाढते, अंग भरतं. ते लपवायला मुली खांदे पुढे ओढतात. त्यात जड दप्तर आणि मोबाइलमध्ये घातलेली मान! छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे दुबळे होतात. अशा पाठीला दटावणी नको, बळ हवं.

आपल्याकडे हे नवं नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले होते. दादरला शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुली दोरीचा मल्लखांब करतात. दोरीवर स्वतःचं वजन पेलताना पाठ, पोट, खांदे सगळेच कामाला लागतात. तो मात्र शिक्षकांसमोरच करायचा. घरी एवढं करा, सकाळी, रिकाम्या पोटी:

१. भिंतीला पाठ आणि डोकं टेकवून उभं राहायचं. हात कोपरात वाकवून भिंतीलगत दहा वेळा वर-खाली सरकवायचे.

२. पालथं झोपून भुजंगासन. छाती उचलून सावकाश पाच श्वास, तीन वेळा.

३. सूर्यनमस्कार सहापासून सुरू करून हळूहळू बारापर्यंत.

पाळीत त्रास होत नसेल तर हलका व्यायाम चालतो. दुखत असेल तर विश्रांती. दप्तरही एकदा तोलून बघा. २०२० च्या सरकारी धोरणानुसार ते मुलीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. म्हणजे पस्तीस किलोच्या मुलीला साडेतीन किलो.

आणखी एक. मुलीला कमरेतून पुढे वाकायला सांगून मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली किंवा उभी असताना एक खांदा वर वाटला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. कणा बाजूला वळत असू शकतो. वाढत्या वयात तो वाक वाढतो, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा.

आम्ही दोघी आता गच्चीवर नमस्कार घालतो. माझे आठव्यालाच गुडघे कुरकुरतात, ती खदखदून हसते. हसू दे. “खाली बघून चाल” म्हणणं मात्र मी सोडलंय. तुम्हीही सोडून बघा, मुलीचे खांदे आपसूक मागे जायला लागतील.