पाच देश, दोन मुले, दोन बॅगा

रेल्वेने युरोप : लेखांक ७

मुलांसह आंतरराष्ट्रीय रेल्वेप्रवास आखताना सर्वांत आधी मोजायचे ते गाडी किती वेळा बदलावी लागते हे. किलोमीटर आणि तास त्यानंतर. चालत्या गाडीत मुले सहसा सुखात असतात. खिडकी असते, डब्यातून चालता येते, शौचालय हाताशी असते. कुटुंबाची दमछाक होते ती चढता-उतरताना. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मूल, समोर पायऱ्या आणि गाडी थांबणार दोन-तीन मिनिटे, अशा वेळी कागदावर सुरेख दिसणारे वेळापत्रक उपयोगाचे ठरत नाही. मार्ग, तिकिटे आणि सामान या तिन्हींची कसोटी एकच ठेवावी: प्रत्येक चढ-उतार न धावता जमेल का?

नमुन्यासाठी येथे लंडन–पॅरिस–झुरिक–इन्सब्रुक–व्हेनिस हा मार्ग घेतला आहे. प्रवासी चार: आई, वडील, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा.

मार्ग आणि मुक्काम

या मार्गाचे चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा थेट गाडीने करता येतो. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून युरोस्टार सव्वादोन ते अडीच तासांत पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकात पोहोचते. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकातून झुरिकला टीजीव्ही ही फ्रान्सची वेगवान गाडी थेट जाते, तिला सुमारे चार तास लागतात. झुरिक ते इन्सब्रुक हे अंतर ऑस्ट्रियाची रेलजेट साधारण साडेतीन तासांत कापते. इन्सब्रुकहून ब्रेनर खिंडीमार्गे इटलीत उतरणाऱ्या गाड्यांपैकी मोजक्याच थेट व्हेनिसला जातात. बाकीच्यांतून व्हेरोनाला उतरून गाडी बदलावी लागते. मुलांसोबत असताना थेट गाडीच्या वेळेनुसार दिवस आखावा. मुंबईहून लंडनला उतरून परतीचे विमान इटलीतून घेतले, तर सगळा मार्ग उलटा कापण्याची वेळ येत नाही.

लंडन ते झुरिक एका दिवसात उरकण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात पॅरिसमध्ये गाडीच नव्हे, स्थानकही बदलावे लागते. गार द्यू नोर ते गार द ल्यों हे अंतर आरईआर डी या उपनगरी गाडीने अवघे दोन थांबे आहे. पण त्या दोन थांब्यांसाठी गर्दीतून भुयारी फलाट गाठणे, तिकिटाच्या अरुंद फाटकांतून बॅगा काढणे, लिफ्ट शोधणे आणि पुन्हा वर येणे, एवढे सोपस्कार असतात. नकाशावरची पंधरा मिनिटे मुलांसह तासाभराची होतात. दोन गाड्यांमध्ये किमान दीड ते दोन तास ठेवावेत, त्याहून बरे म्हणजे पॅरिसला मुक्काम करावा.

गाडी त्याच स्थानकात बदलायची असली, तरी मोबाइलवरील वेळापत्रक आठ-दहा मिनिटांची जोडणी बिनदिक्कत सुचवते. ती एकट्या, सडपातळ सॅकवाल्या प्रवाशासाठी ठीक आहे. लहान मुलांसोबत अर्धा ते पाऊण तास हवा. मुक्कामही शक्यतो दोन रात्रींचा असावा. रोज नवे हॉटेल म्हणजे रोज सामानाची बांधाबांध, आणि तिथेच बॅगेतल्या वस्तू हरवतात.

रात्रीची गाडी

नमुन्याच्या मार्गात रात्रीची गाडी नाही, पण इतर मार्गांवर तिने हॉटेलची एक रात्र वाचते आणि मुलांना बर्थवर झोपण्याचे भारी अप्रूप असते. जर्मन रेल्वेने आपल्या शयनगाड्या बंद केल्यावर ऑस्ट्रियन रेल्वेने २०१६ च्या डिसेंबरपासून ‘नाइटजेट’ ही सेवा सुरू केली. व्हिएन्ना–रोम, म्युनिक–रोम, झुरिक–हॅम्बर्ग अशा मार्गांवर तिच्या गाड्या आहेत. डबे तीन प्रकारचे असतात: नुसत्या बैठकीचे, चार किंवा सहा बर्थचे कुशेत आणि एक ते तीन बिछान्यांचे शयनकक्ष. मुलांसोबत बैठकीचा डबा टाळावा. चौघांनी चार बर्थचा कुशेत कक्ष पूर्ण घेतला, तर आतून कडी लावता येते आणि अनोळखी सहप्रवाशांना मुलांचा त्रास होत नाही. लहान मुलाला खालचा बर्थ द्यावा. एक खबरदारी महत्त्वाची आहे: रात्रीच्या गाड्यांचे डबे वाटेत वेगळे होऊन निरनिराळ्या शहरांना जातात. त्यामुळे गाडी बरोबर असली, तरी डब्यावरचे गंतव्य स्थानक वाचूनच चढावे.

कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर या मार्गासाठी दोन व्हिसा लागतात: ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेन देशांचा वेगळा. फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटली यांच्यासह स्वित्झर्लंडही शेंगेनमध्ये येतो, जरी तो युरोपीय संघाचा सदस्य नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखेच असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे, म्हणजे येथे फ्रान्सकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालील मुलांना माफ आहे. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. मुलांच्या अर्जाला जन्मदाखला आणि आई-वडील दोघांची संमती लागते. एकच पालक सोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र प्रवासातही जवळ ठेवावे.

फ्रान्सची पासपोर्ट तपासणी पॅरिसला पोहोचल्यावर होत नाही, ती लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातच होते. गाडीत बसण्यापूर्वी तिकिटाचे फाटक, सामानाची क्ष-किरण तपासणी आणि ब्रिटन सोडून फ्रान्समध्ये प्रवेश, एवढे सगळे तिथे उरकावे लागते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर संगणकीय प्रवेश-नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तीत १२ वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, चेहऱ्याची नोंद होते. झोपलेले मूल खांद्यावर असेल तर वेळ लागतोच. युरोस्टारची फाटके साधारण वर्गासाठी गाडी सुटण्याच्या ३० मिनिटे आधी बंद होतात. कुटुंबाने दीड तास आधी पोहोचावे. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते, हेही पुढच्या बेतात धरावे.

पुढे शेंगेन देशांच्या आपसातील सीमांवर फाटके नसतात, पण पोलीस डब्यात येऊन पासपोर्ट मागू शकतात. सगळे पासपोर्ट एका पाकिटात, एका पालकाच्या अंगावर असावेत. वरच्या फळीवरील बॅगेत नसावेत.

तिकिटे आणि जागा

मुलांच्या सवलतीची वयोमर्यादा देशागणिक बदलते. भारतात पाच वर्षांखाली तिकीट नाही, हे गणित युरोपात चालत नाही. युरोस्टारमध्ये चार वर्षांखालील मूल मांडीवर बसणार असेल तर तिकीट लागत नाही. ४ ते ११ वर्षांना मुलांचे भाडे असते. फ्रान्समधील टीजीव्हीतही चार वर्षांखालील मूल मांडीवर मोफत जाते, आणि ९ युरो भरले तर त्याला स्वतंत्र जागा मिळते. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात सहा वर्षांखाली तिकीट नाही. स्वित्झर्लंडचा ‘स्विस ट्रॅव्हल पास’ पालकांकडे असेल, तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना ‘फॅमिली कार्ड’ मोफत मिळते आणि त्यावर ती पालकांसोबत विनामूल्य फिरतात. नमुना कुटुंबातील तीन वर्षांच्या मुलाचे तिकीट कुठेच बंधनकारक ठरत नाही. तरी चार तासांच्या प्रवासात त्याला स्वतःची जागा घ्यावी. मांडीवर मूल घेऊन चार तास बसणारा पालक उतरताना बॅग उचलण्याच्या स्थितीत नसतो.

युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी ‘युरेल’ पास ३३ देशांत चालतो. प्रौढाच्या पासवर ४ ते ११ वर्षांच्या दोन मुलांपर्यंत मोफत पास मिळतात, मात्र ते पास खरेदीच्या वेळीच मागून घ्यावे लागतात. पास म्हणजे आरक्षण नव्हे. युरोस्टार आणि टीजीव्हीत पासधारकांना, मुलांसकट, आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात आणि पासधारकांसाठीच्या जागा मोजक्या असतात. चारच लांब टप्पे असतील, तर लवकर काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. रोज गाडी पकडायची असेल तर पास सोयीचा. बहुतेक गाड्यांचे आरक्षण तीन ते सहा महिने आधी खुले होते. युरोपचे वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यावर बदलते, म्हणून नाताळच्या सुट्टीची तिकिटे कधी कधी उशिरा विक्रीला येतात.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या बऱ्याच गाड्यांत तिकीट असले, तरी ठरावीक जागा मिळेलच असे नाही. रेलजेटमध्ये जागा वेगळ्या आरक्षित कराव्यात, त्याही कुटुंबांसाठीच्या भागात. तिथे मुलांसाठी छोटा चित्रपट पडदा असतो. स्वित्झर्लंडच्या काही दुमजली गाड्यांत वरच्या मजल्यावर घसरगुंडीसह खेळण्याची जागा आहे. झुरिकहून इन्सब्रुकला जाताना डाव्या खिडकीतून आधी झुरिकचे आणि मग वालेनचे तळे दिसते. बुक्स या सीमेवरच्या स्थानकात गाडी उलट दिशेने निघते; गाडी परत चालली असे वाटून मुले घाबरतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावे.

सामान

युरोपच्या स्थानकांवर हमालांवर भिस्त ठेवता येत नाही. सामान स्वतःच उचलायचे असते, तेही डब्याच्या पायऱ्या चढून. म्हणून नियम सोपा ठेवावा: जेवढे प्रौढ, तेवढ्याच चाकांच्या बॅगा. चौघांच्या कुटुंबाला दोन मध्यम बॅगा, दोन्ही पालकांच्या पाठीवर एकेक सॅक आणि मुलीची हलकी सॅक, एवढेच. म्हणजे प्रत्येक पालकाचा एक हात मुलासाठी मोकळा राहतो. बॅग डोक्याच्या उंचीपर्यंत एकट्याने उचलता येते का, हे घरीच पाहावे. आठ-दहा दिवसांनी कपडे धुण्याची सोय असलेले घर भाड्याने घेतले, की कपडे निम्म्यावर येतात.

रेल्वेची बंधनेही आता वाढली आहेत. युरोस्टारमध्ये बॅगेची लांबी ८५ सेंटिमीटरपर्यंत चालते. फ्रान्सच्या टीजीव्हीत माणशी दोन मोठ्या बॅगा आणि हातातली एक छोटी पिशवी नेता येते. मोठ्या बॅगेची कमाल मापे ७० बाय ९० बाय ५० सेंटिमीटर आहेत आणि प्रत्येक नगावर प्रवाशाचे नाव लिहिलेले असणे बंधनकारक आहे. बाबागाडी एका हाताने मिटणारी, खांद्याला अडकवता येणारी असावी. मोठी बाबागाडी डब्याच्या दारातच अडते.

खाण्याच्या सामानाला कायद्याची आडकाठी आहे. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना बंदी आहे, आणि ब्रिटन संघाबाहेर असल्यामुळे लंडनहून पॅरिसला जातानाही ती लागू होते. त्यामुळे तुपाची बरणी किंवा पनीर जप्त होऊ शकते. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक मर्यादेत सूट आहे. मेतकूट, भाजणी, चटण्या, तेलातले ठेपले यांनी वाटेची भूक भागते. मुलांचा खाऊ, पाणी, ओले टिश्यू, कपड्यांचा एक जोड आणि औषधे सॅकमध्ये हाताशी हवीत.

फलाटावरची पाच मिनिटे

बहुतेक मोठ्या स्थानकांवर गाडीचा फलाट पाटीवर लागतो. पॅरिसला तो सुमारे वीस मिनिटे आधीच जाहीर होतो आणि टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. फलाटावर अ, ब, क अशी अक्षरांची विभागणी असते आणि कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी थांबेल हे फलकावर दाखवलेले असते. गाडी येण्यापूर्वीच त्या अक्षराखाली उभे राहावे. बाबागाडी तिथेच मिटून ठेवावी. अनेक गाड्यांचे दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावे लागते.

चढण्याचा क्रम आधी ठरवून ठेवावा. एक पालक आधी चढतो, मुले त्याच्यामागे चढतात, बॅगा खालून वर दिल्या जातात आणि दुसरा पालक सर्वांत शेवटी चढतो. उतरताना क्रम हाच ठेवावा: पहिला पालक खाली, मग मुले, मग सामान, शेवटी दुसरा पालक. अशा क्रमाने मूल गाडीत वा फलाटावर एकटे राहण्याची शक्यता उरत नाही. उतरण्याच्या दहा मिनिटे आधी बॅगा दाराशी आणाव्यात. मुलांच्या मनगटावर पालकांचा चालू मोबाइल क्रमांक लिहिलेली पट्टी असावी. आठ वर्षांच्या मुलीला एवढे शिकवावे, की चुकामूक झाली तर जागच्या जागी थांबायचे आणि गणवेशातील कर्मचाऱ्याला पट्टी दाखवायची. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक या पाचही देशांत चालतो.

गाडी उशिरा आली तर

उशीर होणारच, असे धरून आखणी करावी. दोन गाड्यांचा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिली उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर दुसऱ्या गाडीचे पैसे बुडू शकतात. म्हणून गाडी बदलायचीच असेल, तर शक्य तिथे संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढावे, चार पैसे जास्त पडले तरी.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार गंतव्य स्थानकावर ६० ते ११९ मिनिटे उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा अधिक उशीर झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते. टोकाचे हवामान किंवा तत्सम अपवादात्मक कारणांत ती नाकारली जाऊ शकते. पण तासाभराहून जास्त थांबावे लागले, तर शक्य असेल तेव्हा खाणे-पिणे आणि गरज पडल्यास रात्रीच्या निवासाची सोय रेल्वेने करायची असते. त्यासाठी तिकीट जपून ठेवावे, गाडीतील कर्मचाऱ्याकडून उशिराची नोंद घ्यावी आणि खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात. हॉटेलची खोली उशिरापर्यंत राखून ठेवण्याची विनंती आधीच कळवलेली असावी, आणि दिवसाची शेवटची गाडी कधीही निवडू नये. तिच्या आधीची गाडी पकडली, तर चुकल्यावर दुसरी उरते. विमानाचा दिवस आणि शेवटचा रेल्वेप्रवास यांमध्येही एक रात्र मोकळी ठेवावी.

पुढील लेखांक : आजी-आजोबांसह रेल्वेप्रवास