वार्धक्यांत बसावें कोठें?

शहरांतील वृद्ध माणूस घराबाहेर पडेनासा झाला, म्हणजे घरचीं माणसें वयाला बोल लावतात. पण श्रोतेहो, पुष्कळदां दोष वयाचा नसतो. वाटेंत टेकावयास जागा नसते, एवढेंच. ज्यास दोनतीनशें पावलांनंतर दम खावा लागतो, त्याला अर्ध्या मैलावरील बाग, ती कितीही रम्य असो, असून नसल्यासारखीच.

या दृष्टीनें मुंबईचें शिवाजी पार्क पाहण्यासारखें आहे. म्युनिसिपालिटीनें १९२५ सालीं हें मैदान लोकांस खुलें केलें. त्याच्या सभोंवारचा कट्टा सुमारें १.२ किलोमीटर भरतो. फेरी घालतांना थकवा येईल तेथेंच बसावें. तिकीट नको, कोणाची परवानगी नको. शिवाय समोर क्रिकेट चाललेलें असतें. वृद्धांस निव्वळ शांतता हवी असते, हा तरुणांचा एक गोड गैरसमज आहे. त्यांना पाहावयास कांहींतरी हवें असतें! मात्र या कट्ट्यास पाठ नाहीं आणि हातही नाहींत, ही उणीव सांगितलीच पाहिजे.

कारण बांकाचे हात हे शोभेकरितां नव्हेत. उठतांना शरीराचा भार मुख्यत्वें मांडीच्या पुढील स्नायूंवर येतो, आणि वयपरत्वें तेच क्षीण होतात. बैठक जितकी खालीं, तितका गुडघ्यांवर ताण अधिक. जमिनीपासून सुमारें ४५ सेंटिमीटर उंच बैठक, टेकावयास पाठ व रेटा देण्यास हात असले, म्हणजे बहुतेकांस दुसऱ्याच्या आधारावांचून उठतां येतें. उठवावयास कोणास हांक मारावी लागेल, या संकोचानेंच कित्येकजण बसत नाहींत. मग बाहेर पडणेंही सोडतात.

डोळ्यांचेंही तसेंच. नेत्रभिंग पिवळट होतें, बाहुली लहान होते, आणि पायरीची कड जमिनीच्याच रंगाची असली कीं ती दिसत नाहीं. तेथें वेगळ्या रंगाचा एक पट्टा ओढला तरी पुरे. चकचकीत फरशी मात्र बागेंत नसावी. पावसाळ्यांत ती घात करते.

जागतिक आरोग्य संघटनेनें ३३ शहरांत वृद्धांचीं मतें अजमावून २००७ सालीं जी मार्गदर्शिका काढली, तींत बांकांबरोबर स्वच्छतागृहांचाही आग्रह आहे. आपल्याकडे हा विषय भिडेपोटीं कोणी काढीत नाहीं. पण तेवढ्याच भीतीनें अनेक स्त्रिया घरीं राहतात.

आणि बाग रस्त्यापलीकडे असली तर? सिंगापुरांत २००९ पासून निवडक चौकांत अशी सोय झाली, कीं वृद्धानें आपलें कार्ड खांबावरील यंत्रास लावतांच हिरवा दिवा कांहीं सेकंद अधिक टिकतो.