वारसा कोणी मोजायचा?

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या गावात सुटीच्या दिवशी सकाळी चार-पाच माणसे हातात नकाशा, वही आणि पेन्सिल घेऊन रस्त्याच्या कडेने सावकाश चालताना दिसतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतो, ग्रंथपाल असते, महाविद्यालयात शिकणारा एखादा तरुणही असतो. दर थोड्या पावलांवर ती थांबतात. खिडक्यांची तावदाने, छपरावरची कौले, अंगणाची दगडी भिंत, कोपऱ्यावरचे झाड यांची नोंद करतात. ही माणसे वास्तुशास्त्रज्ञ नव्हेत, सरकारी नोकरही नव्हेत. या कामाचा मोबदला म्हणून त्यांना छदामही मिळत नाही. तरीही त्यांच्या वहीतील नोंदी उद्या नगरपालिकेच्या निर्णयाचा आधार ठरू शकतात. एवढे महत्त्व या साध्या नोंदींना का यावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पुनर्रचनेची लाट आली. 1947 च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या याद्या करण्याची तरतूद केली होती. पण इमारत वाचवली आणि तिच्या भोवतीची गल्ली पाडली तर उरते काय, हा प्रश्न त्या याद्यांनी सुटत नव्हता. शिवाय यादी म्हणजे अभय नव्हे. लंडनमधील यूस्टन रेल्वेस्थानकाची भव्य कमान जाणकारांनी विरोध करूनही 1961-62 मध्ये पाडण्यात आली. त्या घटनेने अनेकांचे डोळे उघडले. डंकन सँडिस यांनी 1957 मध्ये ‘सिव्हिक ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली होती. त्यांनीच मांडलेल्या खासगी विधेयकातून 1967 चा ‘सिव्हिक अ‍ॅमेनिटीज अ‍ॅक्ट’ साकार झाला. एकट्या इमारतीऐवजी संपूर्ण परिसराला संरक्षण देणारी ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’, म्हणजे जतनक्षेत्र, ही कल्पना त्यातून कायद्यात आली. लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड हे त्याच वर्षी पहिले जतनक्षेत्र ठरले. आज एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे 10,000 क्षेत्रे आहेत.

संख्या पाहून कोणालाही समाधान वाटेल. परंतु नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. त्या रेघेच्या आत नेमके काय जपायचे हे सांगणे कठीण असते. अनेक क्षेत्रे घोषित झाली, पण त्यांचे वर्णन कोणी लिहिले नाही. 1990 च्या कायद्याने नगरपालिकांवर या क्षेत्रांचा वेळोवेळी फेरविचार करण्याची आणि सुधारणेच्या योजना जाहीर सभेपुढे मांडण्याची जबाबदारी टाकली. तथापि, कायद्याने कर्तव्य सांगितले म्हणून ते पार पाडायला माणसे मिळतातच असे नाही. 2009 मध्ये ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा पाहणीतील दर सात जतनक्षेत्रांपैकी एक धोक्यात असल्याचे आढळले. धोका कशाचा होता? बुलडोझरचा नव्हे. तक्रारींत अग्रस्थानी होती ती लाकडी खिडक्या-दारांच्या जागी बसवलेली प्लॅस्टिकची खिडक्या-दारे!

थेंबाथेंबाने होणारी झीज

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. एक खिडकी बदलल्याने इतिहास बुडत नाही. शेजाऱ्याने बदलली म्हणून दुसरा बदलतो, तिसरा अंगणाची भिंत पाडून मोटारीसाठी जागा करतो. दहा वर्षांनी मागे वळून पाहावे तर प्रत्येक घर उभे असते आणि गल्ली मात्र नाहीशी झालेली असते. साध्या राहत्या घराच्या मालकाला असे किरकोळ बदल परवानगीशिवाय करण्याची मुभा असते. विशेष आदेश काढून ती मुभा नगरपालिकेला काढून घेता येते. पण त्यासाठी त्या परिसराचे वैशिष्ट्य काय आणि त्याची हानी कशाने होते हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. हा पुरावा गोळा करण्यास कचेरीत हात अपुरे पडतात. ते काम रस्त्यावरून चालणारी ती चार माणसे करतात.

त्यांना वाऱ्यावर सोडलेले नसते हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ऑक्सफर्डच्या नगरपालिकेने सामान्य रहिवाशांना वापरता येईल असा पाहणीचा आराखडाच तयार केला. मोकळ्या जागा, इमारती, दृश्ये, झाडी यांची क्रमाने नोंद कशी करावी हे तो सांगतो. इतकेच नव्हे, तर आवाज आणि गंध यांचीही दखल घ्यायला लावतो. तज्ज्ञ इमारतीचे शतक अचूक सांगेल. पण संध्याकाळी कोणत्या पारावर माणसे जमतात हे त्याला कोण सांगणार? ते ज्ञान रहिवाशापाशीच असते.

या पद्धतीवर आक्षेप नाहीत असे नाही. वही घेऊन फिरण्याइतकी फुरसत कोणाला असते? बहुधा स्वतःचे घर असलेल्या, वयस्क, सुस्थित माणसांना. भाड्याच्या खोलीत राहणारे तरुण कुटुंब त्या फेरीत नसते. मग वारशाच्या नावाखाली नव्या घरांना आणि नव्या माणसांना दार बंद करण्याचा मोह होऊ शकतो. हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय एकच : पाहणी उघड असावी, नोंदी सर्वांना वाचता याव्यात आणि निर्णयापूर्वी भाडेकरूलाही सभेत बोलता यावे.

मुंबईचा धडा

ही इंग्लंडची कथा मुंबईला परकी नाही. 1995 मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. भारतातील शहरांत अशी ही पहिलीच नियमावली होती, आणि तिच्यात इमारतींबरोबर संपूर्ण परिसरांनाही स्थान मिळाले. 2012 मध्ये नवी प्रस्तावित यादी प्रसिद्ध झाली आणि तीत शिवाजी पार्कचा परिसर आला, तेव्हा मात्र तेथील रहिवाशांनीच कडाडून विरोध केला. त्यांना इतिहासाची चाड नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. इमारती जुन्या झाल्या होत्या. वारशाचा शिक्का बसला तर पुनर्बांधणी अडेल, ही भीती त्यांच्यासमोर उभी होती. डोक्यावरचे छप्पर की शहराचा इतिहास, अशी निवड मध्यमवर्गीय माणसापुढे ठेवली तर तो कशाची निवड करील, हे सांगायला ज्योतिषी नको.

याच शहरात दुसरे चित्रही दिसले. ओव्हल मैदानाची दुर्दशा पाहून आसपासचे रहिवासी 1990 च्या दशकात न्यायालयात गेले आणि मैदानाच्या देखभालीचा भार त्यांनी उचलला. त्याच मैदानाच्या एका बाजूला उभी असलेली व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूची आर्ट डेको वास्तुसंपदा 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तीत 94 इमारती आहेत. त्यामागे नागरिक संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता. ओव्हलभोवतीचा वर्ग सुस्थित आहे, हा फरक मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. एका ठिकाणी यादी वरून खाली आली, दुसऱ्या ठिकाणी ती रहिवाशांच्या दारातून वर गेली.

वारसा जपायचा तर दुरुस्तीला पैसा हवा, भाडेकरूला हमी हवी, नियमांत लवचीकपणा हवा. परंतु या सर्वांच्या आधी, काय जपायचे हे तेथे राहणाऱ्यांना विचारले गेले पाहिजे. किंबहुना त्यांनीच ते पाहून, मोजून, लिहून काढले पाहिजे. शाळेतील एखाद्या वर्गाने आपल्या पेठेतील एका गल्लीची अशी नोंद केली, तरी त्या कामाला प्रारंभ होईल. ज्या घराची नोंद कोणाच्याच वहीत नाही, ते पडल्यावर काय गेले हे सांगायलाही कोणी उरत नाही.